लेखणीपासून पडद्यापर्यंत

शाळेत एखादे नवे साधन आले की आपल्या धर्मग्रामात एक लहानसा सोहळा होतो. फीत कापली जाते, फादर प्रार्थना म्हणून त्यावर पवित्र पाणी शिंपडतात, देणगीदारांची नावे वाचली जातात, मुले टाळ्या वाजवतात आणि शेवटी चहापान होते. दूरदर्शन संच आला तेव्हा असे झाले, संगणक आले तेव्हा झाले आणि भिंतीवर बोटाने चालणारा मोठा पडदा बसला तेव्हाही झाले. या सोहळ्यात एक व्यक्ती बहुधा मागच्या रांगेत उभी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यंत्रापुढे उभे राहून पन्नास-साठ मुलांना शिकवण्याची जबाबदारी तिचीच असते. ती व्यक्ती म्हणजे शिक्षक. तिला हे साधन वापरता येते काय, असे त्या दिवशी तिला कोणी विचारत नाही.

आमच्या परिचयाच्या एका शाळेत असाच एक संच मुख्याध्यापकांच्या खोलीत अनेक वर्षे क्रोशाच्या आच्छादनाखाली विसावला होता. क्रिकेटचा सामना असला म्हणजे तेवढे आच्छादन निघे. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका टीचरना आम्ही याविषयी एकदा छेडले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्राची भीती नव्हती हो. मुलांदेखत चुकायची भीती होती. आणि बिघडले असते तर भरून कोण देणार होते?"

या दोन वाक्यांत शिक्षणाच्या साधनांचा अर्धा इतिहास सामावला आहे, असे आम्हांस वाटते. साधनांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ती साधने शिक्षकाच्या हाती देताना त्याला कोणी, किती आणि कसे शिकवले, याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. या कथेतील काही ठळक प्रसंग वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तिचे पहिले दोन अध्याय आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातच घडले आहेत.

पिसाची लेखणी आणि एक धर्मगुरू

शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, ते संत जाँ-बाप्तिस्त द ला साल १६५१ साली फ्रान्समधील रँस या नगरात एका सधन घराण्यात जन्मले. वयाच्या सोळाव्या वर्षीच तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांना मानाचे पद मिळाले आणि १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा झाली. पुढील वर्षी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढण्याच्या खटपटीत असलेल्या एका गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

त्या काळी गरिबांच्या शाळेतला शिक्षक म्हणजे दुसरे काही जमले नाही म्हणून त्या धंद्यात शिरलेला मनुष्य, अशी समजूत होती. आपण आरंभी या शिक्षकांना आपल्या नोकराहूनही खालच्या पायरीवरचे मानत होतो, अशी कबुली पुढे ला साल यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. तरीही त्यांनी त्यांना आधी आपल्या घरी जेवायला बोलावले, १६८१ साली राहायला आणले, आणि घरच्या मंडळींनी नाके मुरडली तेव्हा पुढील वर्षी स्वतःच घर सोडून ते त्यांच्यासोबत भाड्याच्या घरात राहू लागले. १६८३ साली त्यांनी कॅथीड्रलमधील पद सोडले आणि पुढे आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. शाळा सुधारायची तर आधी शिक्षक घडवला पाहिजे आणि तो घडवायचा तर त्याच्यासोबत बसून भाकर मोडली पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा पाया होता. खेड्यांतील शिक्षकांसाठी त्यांनी रँस येथे एक अध्यापक विद्यालयही काढले. युरोपातील अगदी आरंभीच्या अशा विद्यालयांत त्याची गणना होते.

त्या वेळी वर्गातील साधने कोणती होती? पिसाची लेखणी, ती तासायचा चाकू, दौत, कित्ता आणि भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता. आज आपल्याला त्यांत यंत्र म्हणावे असे काही दिसणार नाही. पण एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याची रीत सोडून अख्ख्या वर्गाला एकाच वेळी शिकवायचे ठरवले, की ही साधी साधनेसुद्धा शिक्षकाची परीक्षा पाहतात. बोथट लेखणी घेऊन पन्नास मुले एकदम पुढे आली तर शिकवणे बाजूलाच राहते. म्हणून ला साल आणि त्यांचे सहकारी बंधू यांनी आपल्या अनुभवांची देवाणघेवाण करून एक पुस्तिका तयार केली. 'ख्रिस्ती शाळांचे संचालन' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. तिचे १७०६ सालचे हस्तलिखित उपलब्ध आहे. छापील आवृत्ती ला साल यांच्या मृत्यूनंतर, १७२० साली निघाली.

या पुस्तिकेतील बारकावे पाहून आजही मन थक्क होते. लेखणी कशी तासावी, बोटांत कशी धरावी, कागद किती तिरपा ठेवावा, हे सारे शिक्षकासाठी लिहून ठेवले आहे. नवशिक्या मुलाच्या हाती लगेच लेखणी न देता तिच्याच जाडीची एक काडी द्यावी, तिच्यावर बोटे ठेवण्यासाठी खाचा कराव्यात, म्हणजे बोटांना वळण लागेल, असेही त्यांत सुचवले आहे. आणखी एक साधन त्यांनी प्रचारात आणले. हातात मावणाऱ्या या साधनाचा टक्‌ असा आवाज होई. त्या खुणेने शिक्षक मुलांना थांब, पुन्हा वाच, पुढे चल असे न बोलता सांगू शके. शिक्षकाने कमी बोलावे, म्हणजे मुलांना अधिक वाचता येईल, हा त्यामागचा विचार होता.

नव्या शिक्षकांना घडवण्याविषयीचा त्यांचा विचार तर विशेष लक्षणीय आहे. नवशिक्या शिक्षकात जे असू नये ते काढून टाकणे आणि जे असायला हवे ते देणे, असे या कामाचे दोन भाग त्यांनी कल्पिले. काढून टाकायच्या दोषांत फार बोलण्याची खोड अगदी वरच्या जागी आहे! नवा शिक्षक अनुभवी बंधूच्या शेजारी राहून शिके, त्याच्या वर्गावर देखरेख असे, आणि चूक झाली तर ती मुलांपुढे नव्हे, एकांतात दाखवावी असा या शिक्षणाचा रोख होता. आमच्या त्या टीचरना वाटणारी पहिली भीती तीनशे वर्षांपूर्वी या संताने ओळखली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ येथे ला साल यांनी देह ठेवला. १९०० साली त्यांना संतपद मिळाले आणि १५ मे १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

डोंगरातील धर्मग्राम आणि रेडिओची शाळा

दुसरा अध्याय दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात घडला. बोयाका प्रांतातील डोंगराळ भागात सुतातेन्सा नावाचे गाव आहे. १९४७ साली तेथे होसे होआकिन साल्सेदो नावाचे एक तरुण सहायक धर्मगुरू दाखल झाले. गावातील बहुतेक शेतकरी निरक्षर होते, घरे डोंगर-उतारांवर विखुरलेली होती आणि शाळा लांब होती. करमणुकीचे ठिकाण म्हणजे दारूचा गुत्ता. फादर साल्सेदो यांनी आधी चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. मग गावासाठी एक नाट्यगृह बांधायचे ठरले. रोकड कोणापाशी नव्हती, म्हणून घरोघरच्या लोकांनी कोंबड्या दिल्या आणि त्या राजधानीत नेऊन विकण्यात आल्या! त्याच वर्षी त्यांनी एक छोटेसे, हौशी मंडळी वापरतात तसले प्रक्षेपण यंत्र उभारले आणि काही घरांत रेडिओसंच ठेवून धडे देण्यास आरंभ केला. रेडिओ सुतातेन्साचा जन्म असा झाला. तिच्या पाठीशी 'आक्पो' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी लोकशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि पुढील काही दशकांत या शाळांचे जाळे देशभर पसरले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रेडिओवरून शिकवणाऱ्याला समोरचे मूल दिसत नाही, त्याची चुकलेली वेलांटी दिसत नाही, त्याच्या डोळ्यांतील गोंधळ दिसत नाही. ही उणीव फादर साल्सेदो यांच्या ध्यानी आली होती. म्हणून प्रत्येक रेडिओशाळेत एक स्थानिक साहाय्यक नेमला जाई. हा कोणी पदवीधर नव्हे. गावातलाच, थोडेफार लिहिता-वाचता येणारा एखादा तरुण किंवा तरुणी. घरातील माणसे आणि शेजारीपाजारी सायंकाळी संचाभोवती जमत. रेडिओवरील शिक्षक सांगे, तसे हा साहाय्यक फळ्यावर लिही, बोट ठेवून अक्षर दाखवी, एकेकाची पाटी पाही. धडा संपल्यावर न समजलेले पुन्हा समजावून सांगण्याचे कामही त्याचेच. धर्मग्रामाचे फादर पुस्तिका, फळा आणि खडू पोहोचवत, शाळांना भेटी देत आणि परीक्षांची व्यवस्था करत.

या साहाय्यकांना वाऱ्यावर सोडून दिले नव्हते, हे विशेष. त्यांच्यासाठी लहान लहान वर्ग घेतले जात. शेतकरी कार्यकर्ते घडवण्यासाठी सुतातेन्सा येथे १९५० नंतरच्या दशकात मुलग्यांची आणि मुलींची स्वतंत्र निवासी शिक्षणकेंद्रे निघाली. तेथून शिकून गेलेली तरुण मंडळी परत आपल्या डोंगरात जाऊन शाळा उभ्या करत. आरोग्य, अक्षरज्ञान, अंकज्ञान, शेती व अर्थव्यवहार आणि अध्यात्म अशा पाच विषयांच्या पुस्तिका होत्या, १९५८ पासून एक साप्ताहिक होते आणि शेतकऱ्यांनी केंद्राला लिहिलेली असंख्य पत्रे होती. काल-परवापर्यंत अंगठा उठवणारा मनुष्य स्वतःच्या हाताने पत्र लिहितो, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या शाळेला मिळणार?

या प्रयोगात दोष नव्हते असे नाही. त्यांचे खास संच एकाच केंद्रावर लावून बंद केलेले असत. त्यामुळे श्रोत्याला दुसरे काही ऐकण्याचे स्वातंत्र्य नव्हते, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पुढे पैशाची ओढाताण सुरू झाली आणि १९८९ साली हे केंद्र विकावे लागले. तरीही त्याचा कागदपत्रांचा आणि ध्वनिफितींचा संग्रह इतका मोलाचा मानला गेला की २०१३ साली युनेस्कोने 'जगाची स्मृती' या नोंदवहीत त्याचा समावेश केला. रेडिओ हे साधन आणि फळ्याजवळ उभा राहणारा साहाय्यक हा त्या साधनाचा प्राण, हा सुतातेन्साचा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

याच काळात ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाकडे वळून पाहिले. चित्रपट, रेडिओ आणि दूरदर्शन यांविषयी पोप बारावे पायस यांचे विश्वपत्र १९५७ साली निघाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश संमत केला. ही माध्यमे योग्य रीतीने हाताळण्यासाठी धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक यांना विनाविलंब शिक्षण द्यावे, असा त्यातील आग्रह होता. साधन घ्या, एवढेच सांगून परिषद थांबली नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

आकाशातून आलेला वर्ग

तिसरा अध्याय आपल्या देशातील आहे. डॉ. विक्रम साराभाई यांच्या डोळ्यांपुढे उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत शिक्षण पोहोचवण्याचे स्वप्न होते. १९६९ साली त्यासाठी भारताच्या अणुऊर्जा विभागाचा अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी करार झाला. ते प्रत्यक्षात उतरलेले पाहण्याचे भाग्य मात्र साराभाईंना लाभले नाही. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह भारताला वापरावयास मिळाला. हाच 'साइट' या नावाने ओळखला गेलेला प्रयोग होय. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांत सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसवण्यात आले. संचाला जोडलेली तबकडीच्या आकाराची आकाशिका कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. सुतातेन्साप्रमाणे येथेही कोंबड्यांचा संबंध आलाच!

प्रयोगातील गावांच्या यादीत महाराष्ट्र नव्हता. तथापि मराठी माणसाचा हात त्याला लागला होता. त्याचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याचे काम मुंबईत होत असे आणि प्रयोगाच्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची धुरा वाहणारे प्रा. यश पाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतूनच तेथे गेले होते.

रोज सकाळी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. सायंकाळी शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण यांविषयीचे कार्यक्रम मोठ्यांसाठी असत. आपल्या विषयाशी संबंध आहे तो या प्रयोगातील शिक्षक-प्रशिक्षणाचा. प्राथमिक शाळेत विज्ञान कसे शिकवावे याविषयी शिक्षकांसाठी बारा दिवसांचा एक अभ्यासक्रम आखण्यात आला. तो दोन वेळा, शाळांना सुट्टी असताना घेतला गेला आणि त्याचा लाभ सुमारे ५० हजार शिक्षकांना मिळाला. एवढ्या मोठ्या संख्येने शिक्षकांना एकाच वेळी शिकवण्याचा असा प्रयत्न आपल्या देशात त्यापूर्वी झाला नव्हता.

या बारा दिवसांची रचना पाहिली म्हणजे आयोजकांचे शहाणपण जाणवते. शिक्षकाला नुसते पडद्यापुढे बसवून ठेवले नव्हते. दूरदर्शनवर पाठ दिसे, त्याला रेडिओवरील कार्यक्रमाची जोड असे, हाती छापील साहित्य असे आणि मग त्याच केंद्रावर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शिक्षक स्वतःच्या हातांनी ते प्रयोग करून पाहत. महागडी उपकरणे नव्हती. गावात मिळतील अशाच साध्या वस्तू होत्या. पडद्यावर पाहिले, कानांनी ऐकले, हातांनी केले, शेजारच्या शिक्षकाशी त्यावर वाद घातला, मगच ते आपले झाले. बारा दिवस शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला होता आणि तेथे चुकण्यास मुभा होती, कारण समोर मुले नव्हती.

वर्ष संपले आणि उपग्रह निघून गेला. काही भागांत नंतर जमिनीवरील केंद्रांतून प्रक्षेपण चालू राहिले, बाकीच्या गावांतील पडदे काळे झाले. ज्यांनी ते बारा दिवस अनुभवले होते त्या शिक्षकांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र मागे उरला. एकदा दिलेले शिक्षण जन्मभर पुरेल, ही समजूत शिक्षणखात्याच्या मनातून अजूनही पुरती गेलेली नाही.

कुलुपबंद कपाट

यानंतरचा अध्याय सांगताना मन थोडे कष्टी होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७-८८ पासून 'खडू-फळा मोहीम' सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि शिकवण्याचे आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा उदात्त हेतू होता. फळे, नकाशे, तक्ते, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी असे साहित्य खेड्यापाड्यांतील शाळांत येऊन पोहोचले. आणि अनेक ठिकाणी ते कपाटात बंद झाले.

असे का व्हावे? शिक्षक आळशी होते म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. तपासणीला येणारे अधिकारी ती वही उघडून वस्तू मोजतात. वस्तू जागेवर असली म्हणजे शिक्षक उत्तम. ती फुटली, हरवली तर मात्र खुलासा द्यावा लागतो. ती वापरली किती वेळा, हे विचारणारा रकाना त्या वहीत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा मनुष्य भिंग आणि परीक्षानळी मुलांच्या हाती देईल की कुलपात ठेवील? मत्तयलिखित शुभवर्तमानातील त्या चाकराची आम्हांस येथे आठवण होते. धनी कठोर आहे या भयाने त्याने मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवले आणि जसेच्या तसे परत केले. त्या चाकराला दोष मिळाला, हे खरे. परंतु ज्या व्यवस्थेत धन्याला पुरलेलेच धन आवडते, तेथे दोष कोणाचा?

दुसरे कारण अधिक थेट आहे. हे साहित्य वापरावे कसे, याचे खास प्रशिक्षण देणारी देशव्यापी योजना १९९३-९४ साली सुरू झाली. म्हणजे पेट्या आधी आल्या आणि त्या उघडण्याची विद्या पाच-सहा वर्षांनी! १९८६ पासून लाखो शिक्षकांसाठी सुट्टीतील उद्बोधन शिबिरे घेतली गेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पण पेटी समोर ठेवून, ती उघडून, तिच्यातील वस्तू हाताळण्याचा सराव ही गोष्ट निराळी.

संगणकाची कथाही याच वळणाची. १९८४-८५ साली 'क्लास' या नावाच्या प्रकल्पाखाली देशातील २५० निवडक माध्यमिक शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' हे संगणक देण्यात आले. निवडलेल्या शिक्षकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले. ते परत शाळेत आले तेव्हा हाती एक-दोन यंत्रे, बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत, आपल्या पाठ्यपुस्तकाशी त्यांचा मेळ नाही आणि अडचण आली तर मदतीचे केंद्र दूर, अशी स्थिती होती. पुढे हा प्रकल्प आणखी शाळांत पसरला आणि १९९३ नंतर त्याचे स्वरूप बदलले. पण संगणक ही एक वेगळी खोली आणि वेगळा तास, अशी जी घडी तेव्हा बसली ती पुष्कळ वर्षे मोडली नाही. गणिताच्या, भूगोलाच्या, मराठीच्या शिक्षकाला त्या खोलीची किल्ली मिळालीच नाही.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्याला 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली आणि तिने मुलांसाठी मराठीत पुष्कळ कार्यक्रम तयार केले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना ते नाव ऐकताच बालपण आठवेल. ती संस्था २०१७ साली बंद पडली. २००४ च्या सप्टेंबरात खास शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा भारतीय उपग्रह सोडण्यात आला. त्याचे कार्य २०१० साली थांबले. उपग्रह येतात आणि जातात. त्यांच्या मागे शिक्षकाच्या हाती काय उरले, एवढाच प्रश्न इतिहासाने विचारावयाचा असतो.

यंत्र थेट मुलाच्या हाती

एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक नवा विचार पुढे आला. शिक्षकाला शिकवण्यात वेळ कशास घालवावा? यंत्र थेट मुलाच्याच हाती द्यावे. मूल आपले आपण शिकेल. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीने हे स्वप्न जगभर नेले. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातील खैरात या लहानशा वस्तीतील एकशिक्षकी शाळेत २००७ साली असे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पण सर्वांत मोठा प्रयोग झाला तो पेरू या देशात. तेथील सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांसाठी घेतले. २०१२ साली आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागले होते, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगतीही दिसली. परंतु गणित आणि भाषा या विषयांत फरक आढळला नाही. वर्गात काय करावे हे शिक्षकांना पुरेसे शिकवले गेले नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले.

मग २०२० चा मार्च महिना उजाडला. करोनाच्या साथीने शाळांची दारे बंद झाली आणि ज्या शिक्षकांना वर्षानुवर्षे कोणी विचारले नव्हते त्यांना एका रात्रीत मोबाइलच्या पडद्यावरून शिकवण्यास सांगण्यात आले. त्या काळात आमच्या परिसरात जे दिसले ते आम्ही विसरू शकत नाही. साठीकडे झुकलेल्या टीचर आपल्या नातवंडांकडून मोबाइल शिकत होत्या. एक सिस्टर स्वयंपाकघरातील डब्यावर मोबाइल टेकवून भिंतीवरच्या फळ्याचे चित्रण करत होत्या. तरुण शिक्षक शाळेच्या गटात रात्री उशिरापर्यंत वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या शंका सोडवत होते. कोणाचा आदेश नव्हता, प्रमाणपत्र नव्हते, भत्ता नव्हता. शिक्षकाने शिक्षकाला शिकवले. ला साल यांच्या त्या भाड्याच्या घरात यापेक्षा निराळे काय घडत होते?

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'जागतिक शिक्षक पुरस्कार' मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून गोष्टी, कविता आणि ध्वनिचित्रफिती मुलांपर्यंत पोहोचवण्याच्या त्यांच्या कल्पनेची सर्वत्र वाहवा झाली. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटून टाकली, ही गोष्ट आमच्या मनाला अधिक भिडली. यंत्राचा चांगला उपयोग ज्याला साधला तो वर्ग आणि मुले यांना आतून ओळखणारा शिक्षक होता, हेही विसरता कामा नये.

आता शासनाच्या व्यवस्था पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. २०१७ साली 'दीक्षा' हे संकेतस्थळ आणि २०१९ साली 'निष्ठा' हा शिक्षक-प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिक्षणासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. हे स्वागतार्हच आहे. तथापि पडद्यावर एक फीत संपली, दुसरी सुरू झाली आणि शेवटी प्रमाणपत्र छापून निघाले, एवढ्याने शिक्षक तयार होत नाही, हे 'साइट'च्या आयोजकांना अर्धशतकापूर्वी समजले होते. म्हणूनच त्यांनी केंद्रात मार्गदर्शक बसवला होता आणि शिक्षकांच्या हातांना काम दिले होते.

आपल्यापुरते

या साऱ्या इतिहासातून आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी काय घ्यावे? पालक म्हणून, देणगीदार म्हणून, शाळा समितीचे सदस्य म्हणून आपण साधनांसाठी मोठ्या मनाने पैसे देतो. त्या देणगीचा एक वाटा शिक्षकांसाठी राखून ठेवला तर? शेजारच्या धर्मग्रामातील एखाद्या जाणत्या शिक्षकाला बोलावता येईल. तो एक दिवस भाषण करून जाण्याऐवजी वर्षभर महिन्यातून एकदा येईल. मुले घरी गेल्यावर यंत्राची खोली तासभर शिक्षकांसाठी उघडी राहील. तेथे ते मनसोक्त चुकतील आणि त्यांना कोणी हसणार नाही. आणि समितीच्या बैठकीत एक साधा ठराव होईल: वापरताना बिघडलेल्या वस्तूचा खुलासा शिक्षकाकडून मागितला जाणार नाही. मुलांदेखत चुकण्याची भीती आणि भरून देण्याची भीती, दोन्ही दूर करण्यास फार मोठा निधी लागत नाही.

त्या निवृत्त टीचरना आम्ही हा लेख वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी एकदा तरी कोणी जवळ बसून दाखवले असते ना, तर ते क्रोशाचे कापड मी स्वतः काढून टाकले असते."

पुढच्या वेळी शाळेत फीत कापली जाईल, तेव्हा मागच्या रांगेतील त्या शिक्षकांना आपण पुढे बोलवू या. पवित्र पाण्याचे चार थेंब त्यांच्याही हातांवर पडू द्यावेत. उद्या सकाळी काम त्या हातांनाच करायचे आहे.